आतल्या बाजूची कडी

माझा नवरा कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो, आणि आमच्याच घरात आतल्या एकाही दाराला कडी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाथरूममध्ये गेलं की गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. माझा आवाज असा आहे की माझ्या आंघोळीच्या वेळी चुकूनही कुणी दाराजवळ फिरकत नाही.

यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. हा लहान असताना सासरे चिडले की याला जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत कोंडायचे, बाहेरून कडी घालायचे आणि विसरून जायचे. मी त्यांना कधी पाहिलं नाही, हे त्यांचं नशीब. फटीतून तार घालून कडी सरकवायला हा तिथेच शिकला, धंदा तिथूनच लागला. दार बंद झालं की होणारी छातीची धडधडही तिथलीच. मिसरूड फुटायच्या आधी त्याला शोध लागला की दारू प्यायली की ती थांबते.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाई मला म्हणाल्या होत्या, "त्या वयात कुणी दार उघडून जवळ घेतलं असतं, तर कदाचित ही वेळ आली नसती." त्या दिवसापासून मी दारूवरून त्याच्यावर ओरडणं सोडलं. बाकी कारणं पुष्कळ आहेत.

लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी त्याने दारू सोडली. मध्ये एकदाच घसरला, लिफ्टमध्ये अडकला त्या संध्याकाळी. आता आमचं छान चाललंय.

आणि मागच्या महिन्यात जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मला माझ्या खोलीला कडी हवी."

मीच मध्ये पडले. "कशाला? कोण येतंय तुझ्या खोलीत?"

"तू येतेस. साधं खोकतसुद्धा नाहीस."

हे खरं होतं. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण नवरा म्हणाला, "लावतो की. मोठी झाली आता."

मग सुरू झाली टाळाटाळ. कधी स्क्रू आखूड, कधी लाकूड फुगलेलं. मी म्हटलं, "राहू दे, मी समजावते तिला." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तो म्हणाला, "नको. तिने काय केलंय?"

सुटीच्या दिवशी त्याने पितळी कडी आणली. लेक स्क्रू हातात देत होती, हा घाम पुसत ड्रिल चालवत होता. काम झालं, तो बाहेर आला आणि तिने दार लावून घेतलं. खट्.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीला धरून क्षणभर उभा राहिला, मग खुंटीवरचं जाकीट काढलं. "जरा जाऊन येतो."

कुठे, ते मी विचारलं नाही. कोपऱ्यावरचा बार मला ठाऊक आहे. अडवलं तर त्याला पुन्हा कोंडल्यासारखं होईल, म्हणून मी बाजूला झाले. इतकी भीती मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

तेवढ्यात लेकीचं दार उघडलं. "बाबा, घट्ट लागतेय. बघ ना."

त्याने जाकिटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि तो तसाच आत गेला.

"बंद करून बघ," ती म्हणाली.

दार बंद झालं. खट्. मी बाहेर उभी. खट्, उघडली. खट्, लागली. पुन्हा उघडली. बराच वेळ हेच चाललं होतं.

मग त्याचा आवाज आला. सगळ्या गावाची कुलपं उघडणारा माणूस नवल वाटल्यासारखा म्हणाला, "इथून उघडता येते."

"मग? कडी आतूनच असते ना, बाबा," लेक म्हणाली.

तो हसायला लागला. ती का हसतोय म्हणून विचारत होती आणि तो नुसता हसत होता. माझा जीव भांड्यात पडला आणि डोळे भरून आले. मी दाराला टेकले तशी फळी कुरकुरली.

"बाहेर कोण आहे?" आतून नवऱ्याने विचारलं.

"मी."

"मग खोक की."

मी खोकले. त्याने कडी काढली.