सात नंबरच्या मुखवट्याचा फुटका डोळा

मी एक जुना मुखवटा आहे, मित्रांनो. जत्रेत मिळतो तो वाघाचा किंवा राक्षसाचा नव्हे. गॅसच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायचा जो खेळ आहे, ज्याला सगळे पेंटबॉल म्हणतात, त्या खेळात तोंडावर बांधायचा मी मुखवटा. माझ्या कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटने सात हा आकडा काढलेला आहे आणि माझी डावी बाजू फुटकी आहे. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक मैदान आहे. त्याच्या फाटकावर मी खिळ्याला टांगलेला असतो. आत येणारं प्रत्येक पोर मला बघून एकच विचारतं, "हा कसा फुटला?"

मला स्वतःलाच चौकशीची भारी खोड, त्यामुळे विचारणारी मुलं मला आवडतात. न विचारता पुढे जातात त्यांचीच काळजी वाटते.

माझा जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यात झाला. कुठल्या, ते सांगता येत नाही, कारण साच्यातून बाहेर पडल्या पडल्या मला पिशवीत घातलं आणि पिशवी खोक्यात. माझ्या पोटाशी एक घडी घातलेला कागद होता. त्यावर काय लिहिलंय हे जाणून घ्यायची मला किती उत्सुकता! पण मला वाचता येत नव्हतं आणि कागदाला बोलता येत नव्हतं. डोळ्यांसमोर यायची रुंद काच मला होती. सगळे तिला काच म्हणतात, खरं तर ते जाड, आरपार दिसणारं प्लॅस्टिक आहे. एवढी मोठी काच असून बघायला काही नाही, याचा मला फार राग यायचा.

खोकं उघडलं ते १९९७च्या दिवाळीनंतर, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, लछमनदास नावाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात. किती बघू आणि किती नको असं मला झालं. समोर जीनच्या पँटींचे ढीग, निळ्या पडलेल्या हातांचे कारागीर, माणसं कोंबलेल्या शेअर रिक्षा. मी नेमका काय आहे यावर दुकानात वाद पेटला. एक म्हणाला वेल्डिंगवाल्याचा, दुसरा म्हणाला स्कूटरवर लावायचा. लछमनदासने सगळ्यांना गप्प केलं.

"कमळाकर साईं, ये देखो, एकदम पेटीपॅक माल. दस मास्क, आठ बंदूक. पूरे ठाणे जिले में किसीके पास नहीं!"

कमळाकर म्हणजे कुळगावचा आगरी शेतकरी. भात कापून झालं की त्याचं शेत पाऊस येईपर्यंत मोकळं पडे. तिथे शहरातली पोरं येऊन खेळतील, अशी कल्पना त्याच्या डोक्यात शिरली होती. त्याने आम्हा दहा भावांना घरी नेलं, तेव्हा त्याची आई सगुणाबाई दारातच थबकली.

"अरं कमला, ह्यो भुताचा थोबार घरान कशाला आनलास?"

"आये, भूत नाय, ह्यो मास्क हाय. पोरा खेलतील."

"खेलाला थोबार झाकाला लागतंय? असला कसला खेल?"

सगुणाबाईचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. थोबाड झाकावं लागतं असा हा खेळ आहे खरा. गोळी जिलेटिनची असते, आत रंग असतो. अंगावर बसली तर चिमटा काढल्यासारखं होतं आणि चार दिवस निळा डाग राहतो. डोळ्यावर बसली तर मात्र डोळा राहत नाही.

मैदान तयार झालं. बांधाच्या आड रिकामे पिंप ठेवले, गवताच्या पेंढ्या रचल्या. कामाला दोन माणसं आली. एक बाळा, कात्रपचा. वय पंचवीसच्या आत, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी इथे गळ्यात शिट्टी अडकवून पंच. दुसरी चंद्री, वरच्या डोंगरातल्या ठाकरवाडीची. आम्हाला पोरांच्या तोंडावर बांधायचं, खेळ झाला की धुऊन वाळवायचं, हे तिचं काम. विहिरीचं पाणी आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, एवढंच तिचं साहित्य. माझ्या पोटाशी असलेला तो कागद तिने उलगडला. तिलाही वाचता येत नव्हतं, पण त्यावर चित्रं होती. एका चित्रात नळाचं पाणी होतं. दुसऱ्यात एक बाटली होती आणि बाटलीवर मोठी फुली. तिने कागद मैदानाच्या कडेला असलेल्या झोपडीच्या कुडाला चिकटवला आणि बराच वेळ त्या फुलीकडे बघत उभी राहिली.

चंद्रीचा बाप नवसू दुपारी तिची भाकरी घेऊन यायचा. त्याच्याकडे बघून मला मोठं कोडं पडायचं. उजवीकडचं काही बघायचं झालं की हा माणूस कोंबडीसारखी आख्खी मान वळवायचा. असं का, हे पुष्कळ दिवसांनी कळलं. तरुणपणी रानात करवंदाची जाळी तोडताना काटा उडाला आणि त्याचा उजवा डोळा गेला होता. त्या दिवसापासून त्याच्या ताटाच्या उजव्या बाजूला ठेवलेली चटणी तशीच राहते, असं चंद्री कुणाला तरी सांगत होती. मी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आपण तोंड झाकायला नाही, डोळा सांभाळायला जन्मलो.

ते पहिले दोन महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. किती तऱ्हेचे चेहरे मी आतून पाहिले! एरवी बढाया मारणारा पोरगा माझ्या आड गेला की धापा टाकू लागे. लाजरीबुजरी मुलगी मला बांधली की आरडाओरडा करत पुढे धावे. उल्हासनगरच्या कॉलेजातला किसन नावाचा एक उंच पोरगा तर मला दर दहा मिनिटांनी कपाळावर ढकलायचा. "अरे यार, फॉग होतंय, कुछ दिखताच नाय!" असं म्हणायचा. चंद्री बांधाआडून ओरडायची, "डोला झाक रं!" सगळे हसायचे. बाळाही हसायचा, शिट्टी मात्र वाजवायचा नाही.

पुढे पौषात चंद्री तीन आठवडे वांगणीला गेली, बहिणीचं बाळंतपण करायला. आमची साफसफाई बाळाकडे आली. लछमनदासच्या गोळ्या जुन्या होत्या, त्यांचा रंग उन्हात चिकट होऊन काचेवर धरून राहायचा. आता सांगा, ज्याचा दिवस रंगाच्या पिंपात जातो, तो रंग म्हटल्यावर काय शोधणार? बाळाने कारखान्यातून बाटलीभर थिनर आणलं. अंबरनाथला त्याच्या हाताचा रंग थिनरने निघायचा, बादलीचा निघायचा, भिंतीवरचा निघायचा. मग मुखवट्याचा का नाही निघणार?

निघाला! एका फडक्यात निघाला. मित्रांनो, मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही. मला ते आवडलं. गारगार वाटलं, आणि काच अशी लखलखली की मी त्यात आभाळ बघत बसलो. कमळाकरने मला उचलून म्हटलं, "वा बाला, ह्यो त कोरा झाला!" त्या कौतुकाने मी फुगलो. चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या अंगात, काचेच्या कडेला, बारीक कुरकुर सुरू झाली. मी तिच्याकडे कानाडोळा केला. चकचकीत दिसणाऱ्याला आपण आजारी आहोत हे पटत नाही, त्यातलाच प्रकार.

चंद्री परत आली त्या रविवारी मैदानात गर्दी होती. किसन आणि त्याची कॉलेजची टोळी आली होती. कमळाकरचा मुलगा भगवंत त्या दिवशी पहिल्यांदा खेळणार होता. तो पंधरा वर्षांचा होता आणि इंग्रजी शाळेत जायचा. वडिलांच्या मागे लागून लागून त्याने परवानगी मिळवली होती. मालकाच्या पोराला अर्थातच सगळ्यात चांगला मुखवटा द्यायचा.

"चंद्रे, भगवंताला सात नंबर दे," कमळाकर म्हणाला.

चंद्रीने मला हातात घेतलं. आधी वास घेतला. मग उन्हासमोर धरलं आणि अंगठ्याने काचेची कड दाबली. कर्रर्र. तो आवाज माझाच होता.

"ह्यो मी देनार नाय," ती म्हणाली.

"कला नाय देनार? सगल्यान कोरा त ह्योच हाय!"

"कोरा दिसतंय. पन आतून तडकलाय. ह्या बघा, केसावानी रेघा."

बाळा पुढे आला. "अगं, मी स्वतः थिनरनी पुसलाय. माल एकदम कडक आहे. काय होत नाय."

"त्या कागदावर बाटलीला फुली हाय," चंद्री म्हणाली.

"तुला वाचता येतं का?" किसनच्या टोळीतून कुणीतरी विचारलं, आणि पोरं हसली. भगवंतचा चेहरा उतरला होता. त्याने हात पुढे केला, "दे ना गं चंद्रीताई. मला काही होत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडावंसं वाटत होतं. ती खरं बोलते आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण मुखवट्याला तोंडाचा आकार असतो, तोंड नसतं.

चंद्री वाद घालत बसली नाही. शेजारच्या वालाच्या वाफ्यात नवसूने बुजगावणं उभं केलं होतं. बांबूवर जुना सदरा, वर मडक्याचं डोकं, मडक्यावर कोळशाने काढलेले दोन टपोरे डोळे. ती तिथे गेली, मडक्यावर मला बांधलं, पट्टा आवळला आणि परत आली.

"शेठ, आता मारा. इस पावलांवरना. काय झाला नाय तर मी माफी मागते आन् भगवंतदादाला माज्या हातानं बांधते."

कमळाकर चिडला होता. त्याने बंदूक उचलली, वीस पावलं मोजली. पहिली गोळी माझ्या कपाळावर फुटली आणि पिवळा रंग उडाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा हुशारलो. वाटलं, टिकू बहुतेक.

दुसरी गोळी काचेवर डावीकडे बसली.

फार मोठा आवाज झाला नाही. पापड मोडावा तेवढाच. माझ्या डाव्या बाजूचे तुकडे मडक्यावर आपटून खाली पडले आणि मडक्यावरचा तो कोळशाचा डावा डोळा पिवळ्या रंगात बुडाला. रंग मडक्याच्या गालावरून खाली ओघळत राहिला. सगळे नुसते त्याच्याकडे बघत होते.

भगवंतने हळूच आपला डावा डोळा हाताने झाकला. कमळाकरच्या हातातली बंदूक खाली आली. भाकरीचं फडकं घेऊन आलेला नवसू मान पूर्ण वळवून मडक्याकडे बघत होता.

मग भगवंतच झोपडीत गेला. कुडावरचा कागद त्याने रोज येता-जाता पाहिला होता, वाचला मात्र कधी नव्हता. त्यावरचं इंग्रजी त्याने तिथूनच मोठ्याने मराठीत सांगितलं, "फक्त पाणी आणि मऊ कापड वापरा. थिनर, पेट्रोल, रॉकेल लावू नका. काच कमजोर होते." माझ्या पोटाशी एवढा प्रवास करून आलेल्या कागदावर काय लिहिलं होतं, ते मला अखेर त्या दिवशी कळलं.

बाळा मटकन बांधावर बसला. "दहाच्या दहा पुसलेत मी," तो म्हणाला. "दादा, दहाच्या दहा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचा राग आला नाही. त्याने वाईट मनाने काही केलं नव्हतं. त्याने फक्त विचारलं नव्हतं.

खेळ तिथल्या तिथे थांबला. किसनची टोळी कुरकुरली, पण किसननेच सगळ्यांना गप्प केलं. नव्या काचा येईपर्यंत महिनाभर मैदान बंद राहिलं. माझ्या नऊ भावांच्या काचा बदलल्या. माझी चौकटच चिरली होती, म्हणून मी राहिलो. मैदान पुन्हा सुरू झालं त्या दिवशी बाळाने गळ्यातली शिट्टी काढली आणि चंद्रीच्या हातात दिली. "तूच वाजव," म्हणाला. "तुला दिसतं."

तेव्हापासून चंद्री पंच आहे. कुणी खेळात मास्क वर केला की शिट्टी वाजते, सगळ्या बंदुका खाली होतात, नळ्यांना बुचं लागतात. "डोला झाका!" असं ती ओरडते आणि आता कुणी हसत नाही. किसन तर नव्या पोरांना स्वतः पट्टे आवळून देतो. बाळा विहिरीवर मुखवटे धुतो, नुसत्या पाण्याने.

मला कुणी बांधत नाही. सुरुवातीला वाईट वाटलं, खोटं का बोलू? माझ्या आड कसले कसले श्वास असतील, कुठले चेहरे असतील, याची मला अजून हुरहुर लागते. पण चंद्रीने मला फेकू दिलं नाही. खेळायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी माझ्या फुटक्या काचेच्या भोकात बोट घालायचं, असा तिने नियम केला आहे. बोट आरपार जातं. पलीकडे स्वतःचंच बोट हलताना दिसलं की भल्याभल्यांची बडबड थांबते.

मुलांनो, खुशाल खेळा. धावा, लपा, रंगात न्हाऊन निघा. फक्त शिट्टी वाजेपर्यंत मुखवटा काढू नका, कितीही घाम येवो. चकचकीत दिसतं म्हणून एखाद्या वस्तूवर भरवसा टाकू नका, ती दाबून बघा, उन्हात धरून बघा. ठाऊक नसेल तर विचारा. आणि कुणी "देणार नाही" म्हणालं, तर ती व्यक्ती शिकलेली आहे की नाही हे बघण्याआधी ती काय दाखवते आहे ते बघा.

परवाच्या रविवारी भगवंत आला होता. आता त्याला मिसरूड फुटलंय. फाटकातून आत शिरताना तो नेहमीसारखा माझ्यापाशी थांबला. भोकात बोट घातलं नाही. मान जराही न वळवता, समोरून, दोन्ही डोळ्यांनी त्याने माझ्याकडे बघितलं.