लुर्देसची साक्ष

फिलिपाइन्सहून एक मुलगी येतेय, वर्षभर राहून गावोगावच्या तरुणांची शिबिरं घेणार आहे, आणि तिचं इंग्रजी मराठीत करून सांगायचं काम तुझं, असं मिशनच्या फादरांनी सांगितलं तेव्हा सत्यशीलाच्या कपाळाला आठी पडली. साल शहाण्णव. सत्यशीला तेवीस वर्षांची होती. औरंगाबादला सिस्टरांच्या बोर्डिंगात राहून बी. ए. झालेली आणि आता जालन्यात मिशनच्या बालवाडीत शिकवणारी. तिचे वडील तातेराव मिशनचे प्रचारक. सायकलवर खेडी पालथी घालता घालता त्यांचे गुडघे कामातून गेले होते. परदेशी पाहुणे तिनं लहानपणापासून पाहिले होते. ते यायचे, पोरांना मांडीवर घ्यायचे, निघताना डोळे पुसायचे, आणि पुन्हा कधी त्यांची खबरबात नसायची.

लुर्देस मात्र वेगळी निघाली. विशीतली, बुटकी, पाठीवर गिटार. बाजारात लोक तिला नेपाळी समजायचे आणि ती खुशाल मान डोलवायची. पहिल्याच दिवशी तिनं ठेचा-भाकर खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि परत मागून घेतली. सत्यशीलाला ती आवडली. आवडली म्हणूनच ती जरा सावध राहिली.

शिबिरात दुपारच्या वेळी लुर्देस आपली साक्ष, म्हणजे देवानं आपल्याला कसं सावरलं ते, सांगायची. तिच्या गावात वादळ आलं, नदी घरात शिरली, धाकटी बहीण टेसी तिच्या हाताला धरून होती, आणि हात सुटला. मग देवावरचा राग, आईचं न बोलणं, आणि शेवटी अशाच एका शिबिरात मिळालेली शांती. पहिल्यांदा हे मराठीत करताना सत्यशीलाला स्वतःचेच डोळे पुसावे लागले. समोरची पोरं ढसाढसा रडली.

दुसऱ्या गावात टेसी आठ वर्षांची होती. तिसऱ्या गावात अकराची झाली. एकदा पाणी पहाटे आलं, एकदा भरदुपारी. दुःखात माणसाला धड आठवत नाही, अशी सत्यशीलानं मनाची समजूत घातली. पण कान मात्र टवकारले ते टवकारलेच. वाक्य तोंडातून काढायच्या आधी ती ते तोलून बघायला लागली.

रविवारी लुर्देस नवीन जालन्यात पन्नालालच्या एसटीडी बूथवर घरी फोन करायला जायची. एकदा सत्यशीला सोबत गेली आणि काचेच्या केबिनबाहेर बाकावर बसली. आतून लुर्देसचं हसणं ऐकू येत होतं. भाषा कळत नव्हती, पण नाव कळलं. टेसी. मग पुन्हा टेसी, लाडात, चिडवल्यासारखं. बाहेर आल्यावर सत्यशीलानं सहज विचारल्यासारखं विचारलं, कुणाशी बोललीस? आईशी, लुर्देस म्हणाली, आणि पन्नालालला पैसे द्यायला वळली.

त्या दिवसापासून सत्यशीलाचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. फादरांना सांगावं तर काय सांगणार? न कळणाऱ्या भाषेतलं एक नाव ऐकलं, एवढंच. तातेरावांना सांगावं तर ते म्हणणार, परक्या लेकरावर आळ घेऊ नये. लुर्देसचे शब्द ती अजूनही मराठीत करत होती, पण आता बाजारातला खोटा माल आपल्या हातानं विकल्यासारखं तिला वाटायचं.

जानेवारीत घनसावंगीकडच्या एका गावात शिबिर लागलं. गोदावरी तिथून जवळच. ख्रिस्ती वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत वीसेक पोरं-पोरी जमली होती. त्यात संपत नावाचा एक मुलगा मित्राबरोबर आला होता. तो काही ख्रिस्ती नव्हता. गावातल्या कारभारी नावाच्या ऊसवाल्या शेतकऱ्याचा तो थोरला मुलगा.

सकाळीच कारभारी दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. सत्यशीलाला बाहेर बोलावून म्हणाले, "ताई, पोरांना रडवून राह्यल्या म्हणं तुमी. रडणाऱ्या मानसाच्या गळी काहीबी उतरवता येतंय."

याला द्यायची उत्तरं तिला वडिलांकडून पाठ होती. कुणाला बाटवत नाही, ज्याला यायचं तो येतो, ज्याला जायचं तो जातो. पण त्या दिवशी, पोरगं संध्याकाळी घरी परत पाठवीन, एवढंच ती म्हणाली. कारभारींनी खोलीकडे एकवार बघितलं आणि ते उसाच्या ट्रॅक्टरमागून निघून गेले.

दुपारी लुर्देसनं साक्ष सांगितली. सत्यशीलानं मान खाली घालून ती मराठीत केली. चहाच्या वेळी पोरं पांगली तेव्हा संपत पाण्याच्या टाकीपाशी या दोघींजवळ आला. एकोणीस वर्षांचा, अंगानं दणकट, पण डोळे जमिनीवर. दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ गोदावरीत गेल्ता, त्यानं सांगितलं. दोघं पोहायला गेल्ते.

"त्यांना एक विचारा ताई," तो म्हणाला. "त्यांच्या भैनीचा हात सुटला, का त्यांनी सोडला?"

सत्यशीलानं प्रश्न इंग्रजीत केला आणि मग स्वतःचं जोडलं, "याचा भाऊ खरोखर बुडालाय. याला खोटं सांगू नकोस. बूथवर मी टेसीचं नाव ऐकलंय."

लुर्देस टाकीच्या कठड्यावर बसली. मग हळूहळू बोलायला लागली. पूर आला होता, ते खरं. बुडाली ती शेजारची मुलगी. टेसी घरी आहे, शाळेत जाते. घरून निघण्याआधीच्या प्रशिक्षणात प्रत्येकाला आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सांगायचं होतं. कुणाचा बाप दारुडा, कुणी नशेतून उठलेला. तिच्या घरात सगळं सुखाचं होतं. सांगायला काहीच नव्हतं. म्हणून तिनं शेजारणीचं दुःख उचललं. त्या मुलीचं नाव घ्यायला जीभ धजेना, तेव्हा बहिणीचं नाव घातलं. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. त्यानंतर मागे फिरता आलं नाही.

संपत दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होता. सत्यशीलाला कळत होतं की आपण काहीही सांगितलं तरी त्याला खरंच वाटेल. सुटला म्हणाली, एवढे दोन शब्द पुरले असते. पोरगं हलकं होऊन घरी गेलं असतं. तिनं मिनिटभर विचार केला आणि लुर्देस बोलली ते जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे त्यांना ठावंच न्हाई," संपत म्हणाला.

तो रागावला नाही. त्यानं टाकीच्या पाण्यात हात घातला. मग कुणीच विचारलं नसताना म्हणाला, "मी सोडला. ओढ लई व्हती. मी बी चाललो व्हतो. मंग मी सोडला." आणि खाली बसून त्यानं गुडघ्यांत डोकं घातलं. सत्यशीलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. घरी वडिलांना हे सांग, एवढंच ती म्हणाली.

तो गेल्यावर लुर्देसनं विचारलं, काय म्हणाला तो?

पुढच्या गावात, पुढच्या देशात, एखाद्या खोलीत लुर्देसच्या साक्षीत हा मुलगा आणि ही नदी उभी राहिलेली सत्यशीलाला दिसली. "ते तुझ्यासाठी नव्हतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी पुन्हा आले. आता भांडण होणार अशी सत्यशीलानं मनाची तयारी केली. पण ते टाकीपाशी टेकले. डोळे सुजलेले होते.

"पोरगं बोललं," ते म्हणाले. "दोन वर्सं मला वाटून राह्यलं व्हतं, की यानं काहीतरी लपवलंय. जेवताना बी त्याच्याकडं संशयानंच बघायचो. आता कळलं, तर ऐकवंना." टोपी काढून म्हणाले, "त्याच्या मायनं त्याला जवळ घेतलं. माझ्यानं अजून झालं न्हाई. व्हईल."

मग त्यांनी खोलीकडे बोट करून विचारलं, "त्या पोरीला आमच्या घरचं सांगितलं का तुमी?"

"नाही."

"सांगू नका. आन् पुन्हा आमच्या गावात शिबिर नका घेऊ."

सत्यशीलानं दोन्ही गोष्टींना मान डोलावली.

जालन्याला परतल्यावर लुर्देसनं स्वतःच फादरांना सगळं सांगितलं. फादरांनी तिला परत पाठवलं नाही, साक्ष मात्र बंद केली. त्यानंतरची शिबिरं साधीच झाली. गाणी, प्रार्थना, खेळ. कुणी रडत नसे. पोरं तिला तिकडे काय पिकतं, मासे कसे शिजवतात असलं विचारत आणि ती सांगत बसे. सत्यशीला मराठी करायची, आणि माशांच्या कालवणाचं सांगणंही मनातल्या मनात तपासून घ्यायची. सवयच लागली होती.

वर्ष सरलं तेव्हा लुर्देसला पोचवायला सत्यशीला एकटीच स्टेशनावर गेली. गाडीला अवकाश होता. लुर्देसनं पुन्हा विचारलं, त्या मुलानं काय सांगितलं होतं?

"नाही सांगणार."

लुर्देसनं गिटार एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "बरं केलंस," ती म्हणाली. "मी ते कुठेतरी सांगितलं असतं."

तिचं हे एक वाक्य सत्यशीलाला तपासून बघावंसं वाटलं नाही. तिनं लुर्देसची पेटी उचलली आणि गाडी लागली तशी डब्यात चढवून दिली.