उलट्या अर्थिंगचा ट्रक

पिंपळगाव राजाच्या बाजारपटांगणात त्या दिवशी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मधोमध साठेक वर्षांचा विलायती ट्रक, झेंडूच्या माळांनी मढवलेला, आणि टपावर मोटारबाबा, ट्रकमध्ये देवी 'मोटारमाय' बोलते म्हणणारा. बीटी कपाशीच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघालेली, बियाणेवाल्यांनी हात वर केलेले. मग लोक ट्रकला विचारायला आले, त्यात नवल ते काय!

"कोनी मिस्तरी हाये का बे?" बाबा गरजला. "लावून पाहा नवा रेडिओ! या गाडीत मानसाचा रेडिओ चालतच नाई. मोटारमाय एकटीच बोलते!"

चिखलीचा एक मिस्तरी पुढे झाला. बाबाने दाखवलेल्या लोखंडी पट्टीवर त्याने रेडिओ आवळला, लाल वायर गाडीच्या वायरीला जोडली, काळी बॉडीला. फट्! धूर निघाला आणि मिस्तरी हात झटकत मागे पळाला. लगेच ट्रकच्या पोटातून घोगरा बायकी आवाज आला, "लेकराहो, मी हाये इथं!" सगळं पटांगण हात जोडून खाली बसलं.

गफ्फार तेवढा उभा राहिला. गावात गाड्यांचं वायरिंग करणारा हा माणूस, पण आज त्याचा जीव टांगणीला लागला होता. शेजारच्या कोकिळाने नवऱ्याला गफ्फारच्याच टेम्पोतून हट्टाने इथे आणलं होतं. दोन दिवस कपाशी फवारून उत्तमराव सकाळी कोसळला होता. तोंडातून लाळ, अंग घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"वैनी, फवाऱ्याचं औषध चढलं त्याले. खामगावले नेऊ, आत्ताच्या आत्ता!"

"नाई, गफ्फारभाऊ!" कोकिळाने नवऱ्याला घट्ट धरलं. "मोटारमाय म्हनली, अंगारा लाव, सुई टोचली त मरंल. माय जा म्हनल्याबिगर मी हालवत नाई."

गफ्फारला राग आला, पण रागाआधी संशय आला. ज्या गाडीत रेडिओ चालतच नाही, तिच्यात रेडिओसाठी पट्टी कोणी ठोकली, आणि कायले?

"मी लावून पाह्यतो," तो म्हणाला.

"ये! तुह्याबी रेडिओची राख होते का नाई पाह्य!" बाबा हसला.

गफ्फारने टेम्पोतला रेडिओ उपसून आणला. जोडण्याआधी मात्र मीटर लावला. लाल टोक वायरीला, काळं बॉडीला. आकडा आला बारा, पण आकड्याआधी उणे! असं होय! आपल्याकडच्या गाड्यांत बॉडी म्हणजे मायनस, हे मिस्तरीच्या हाताला इतकं पाठ की तो बघतसुद्धा नाही. या म्हाताऱ्या ट्रकची अर्थिंग उलटी होती. बॉडी प्लस होती, म्हणून मिस्तरीचा रेडिओ उलटा जोडला जाऊन जळला.

रेडिओचा पत्र्याचा डबा स्वतःच मायनस असतो; तो प्लस बॉडीला टेकू नये म्हणून त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून रेडिओला गुंडाळली.

"पट्टीवर आवळ!" टपावरचा बाबा एकदम किंचाळला.

"काऊन बावा? डब्बा बॉडीले लागल्याशिवाय जळत नाई म्हनून?"

लाल वायर बॉडीला, काळी गाडीच्या वायरीला. पेन ड्राइव्हवरचं लग्नाचं बँडगाणं पटांगणभर दणाणलं. लोक आ वासून बघत राहिले.

"आता अशीच रबरात बसून बोलनारी माय कुठं हाये ते पाहू," म्हणत गफ्फारने ड्रायव्हरची सीट उचलली. खाली दुसरा रेडिओ, तसाच ट्यूबमध्ये गुंडाळलेला, निळा दिवा लुकलुकणारा. मोबाइलवरून बिनतारी आवाज घेणारा नव्या जमान्याचा रेडिओ. मागच्या तंबूतून बाबाचा चेला मोबाइल घेऊन सटकत होता. भाजीवाल्या तानुबाईने त्याची गचांडी धरली, मोबाइल हिसकावला आणि त्यात ओरडली, "मुडद्या!"

"मुडद्या!" अख्खा ट्रक ओरडला.

पटांगण खदाखदा हसलं. कोकिळा हसली नाही. तिने पदराने नवऱ्याच्या कपाळावरचा अंगारा खसाखसा पुसला. "गफ्फारभाऊ, टेम्पो काढा."

खामगावला डॉक्टरांनी धावतपळत उपचार सुरू केले. "अजून तासभर उशीर केला असता तर हाती काही लागलं नसतं," ते म्हणाले. चौथ्या दिवशी उत्तमरावने डोळे उघडून चहा मागितला, तेव्हा कोकिळा बाहेर येऊन हमसून हमसून रडली.

"म्या त्याले तिथं तसाच पडू देलं, भाऊ. साधं इचारलंबी नाई, हा आवाज येते कुठून. काऊन नाई इचारलं म्या?"

"त्या मिस्तऱ्यानंबी नाई इचारलं, वैनी. सवय असते."

खरं आहे. काळी वायर बॉडीलाच लावायची, या सवयीने मिस्तरी फसला. आवाज आला की हात जोडायचे, या सवयीने गाव फसलं. मोटारबाबाची सारी माया एवढ्यावरच चालली होती. तेव्हा बाबांनो, हात जोडण्याआधी विचारा, उचकटून पाहा, कोणी कितीही डोळे वटारले तरी. आणि घरातलं माणूस विषाने तडफडत असेल, तर ते विचारणंही मागाहून करा. आधी दवाखाना गाठा.