चालत्या गाडीला जोडी

उसाच्या वजनकाट्यावरचं मशीन दुपारी अडखळायला लागलं, तेव्हा ऋतुजानं एक गोष्ट आधी ठरवून टाकली. काही झालं तरी ते बंद करायचं नाही.

साखर कारखान्याचं कॉम्प्युटर खातं तिच्याकडे होतं. सोलापूरहून ती रोज बसनं यायची. या आठवड्यात शेजारच्या कारखान्याचा बॉयलर बंद पडला आणि तिकडच्या बैलगाड्याही इकडेच वळल्या. त्यात यंदापासून प्रत्येक गाडीचा काट्यावर फोटो निघायचा आणि उसाच्या मालकाला वजनाचा मेसेज जायचा. एवढं सगळं ओढताना मशीनला धाप लागली होती. एक पावती निघेपर्यंत मागच्या गाडीवानाची तंबाखू मळून, खाऊन, थुंकूनही व्हायची.

"बंद करून चालू करा की मॅडम," यार्डाचे सुपरवायझर राजशेखर दारातूनच म्हणाले. "आमच्या घरचा टीव्ही तसाच सुधारतो."

"टीव्हीत गाड्यांची रांग नसते, साहेब."

गाड्यांचे नंबर मशीनच्या लक्षात राहायचे ते चालू असेपर्यंतच. गेल्या हंगामात एकदा ते बंद केलं, रांग पुसली गेली आणि यार्डातला प्रत्येक जण पहिला झाला. काठ्या निघाल्या होत्या. आज आधी यादी उतरवून घ्यावी म्हटलं, तर यादीचं पान उघडायला तयार नव्हतं.

खिडकीशी जोतीराम गाडीवान येऊन उभा राहिला. काल सांजेपासून त्याचा मुक्काम यार्डातच होता.

"माजा नंबर जातोय का काय गं पोरी? बैलांचं खायाचं वाढं संपलंय. आता मागं सरकलो तर उद्याच उजाडंल."

"नंबर जाणार नाही, तात्या. चढाला गाडी ओढेना झाली तर काय करता? ऊस उतरवता?"

"ऊस कशाला उतरवू? कुणाची तरी जोडी आणून म्होरं लावतो की!"

"मी तेच करणार आहे."

काट्याचं मशीन म्हणजे काही वेगळा डबा नव्हता. ऑफिसातल्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात जी चार-पाच व्हर्च्युअल मशीनं चालायची, त्यातलंच ते एक. त्याच्या वाट्याला दोन प्रोसेसर होते आणि सर्व्हरमध्ये कितीतरी रिकामे पडून होते. उन्हाळ्यात मशीन बंद असताना ऋतुजानं एक सेटिंग मुद्दाम चालू करून ठेवलं होतं, पुढे कधी चालू मशीनला प्रोसेसर जोडता यावेत म्हणून. "भर उन्हात पावसाची छत्री," असं म्हणून राजशेखर तेव्हा हसले होते.

तिनं दोनाचे सहा केले. स्क्रीननं मुकाट्यानं मान्य केलं. पण बाहेर काट्यावरची गाडी होती तशीच उभी.

"झालं?" राजशेखर म्हणाले. "लोक ओरडायला लागलेत. थोडा वेळ बघतो, नाहीतर मीच बटण दाबतो."

"दाबा. मग रांग तुम्ही लावायची, यार्डात मधोमध उभं राहून."

राजशेखरांनी हात मागे बांधले.

ऋतुजानं मशीनच्या आत डोकावून पाहिलं. नवे चारही तिथं होते, पण निजलेले. सर्व्हरनं दिले होते, मशीननं अजून कामाला घेतले नव्हते. जू मानेवर आलं होतं, ओढ पडली नव्हती. एवढंच ना! तिनं एका ओळीची आज्ञा देऊन पहिल्याला उठवलं आणि काट्यावरच्या पडद्याकडे पाहिलं. पुढचा नंबर तोच होता, म्हणजे रांग जागेवर होती. मग उरलेल्या तिघांना उठवलं.

खोळंबलेली पावती बाहेर आली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. प्रिंटर असा खडखडू लागला की खिडकीवरची चिमणी उडाली.

"छत्री उघडली म्हणायची," राजशेखर पुटपुटले आणि नंबर पुकारायला बाहेर धावले.

जोतीरामनं आपल्याच नंबरावर गाडी काट्यावर घातली. पावती घेताना तो खिडकीत वाकला.

"चढ सरला की जोडी सोडतो आमी. तुजी कवा सोडणार?"

"चालत्या मशीनची मला सोडता येत नाही, तात्या. जोडता येते तेवढी. हंगाम संपून मशीन थांबलं की मगच."

"म्हंजी कारखान्याचा पट्टा पडंस्तवर जुंपलेलीच की!" जोतीराम हसला. "आमच्यावानी."

त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी ऊस टाकायला गव्हाणीकडे निघाली.