धुरांड्याची पुतणी

काकांना घरात सगळे मागून ‘धुरांडं’ म्हणत. सत्तरी ओलांडलेला हा निवृत्त छापखानावाला दात घासायच्या आधी सिगारेट पेटवायचा, आणि डॉक्टरांनी बंद करा म्हटलं की डॉक्टर बदलायचा. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी त्यांची पुतणी अगदी उलट. वय चौतीस, मुलांना पोहायला शिकवायची, कसलं व्यसन म्हणून नाही.

खोकला मात्र दोघांनाही एकाच हिवाळ्यात लागला. काकांना लगेच स्कॅनला धाडलं. पुतणीला घरच्या डॉक्टरांनी झटक्यात निकालात काढलं: तलावातल्या क्लोरीनची ॲलर्जी. पुढच्या खेपेला ‘दगदग’. पाठ दुखते म्हणाली, तर आईने नवी गादी आणली. तरुण, निर्व्यसनी माणसाला असलं काही होत नाही, हे घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आजाराला तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

काकांच्या फुप्फुसात गाठ निघाली. मोठ्या हॉस्पिटलात पुतणी सोबत गेली. डॉक्टरीणबाई रिपोर्ट समजावत होत्या, तेवढ्यात तिला जोरात ढास लागली.

“कधीपासून खोकताय?”

“माझं सोडा हो. पेशंट हे आहेत.”

“ते मी ठरवते,” बाई म्हणाल्या आणि तिलाही तपासणीला पाठवलं.

पुढच्या भेटीत दोघांचे निकाल एकाच टेबलावर होते. काकांची गाठ लहान, एका जागी. पण हृदय थकलेलं, शस्त्रक्रिया झेपणार नाही, म्हणून किरणोपचार. पुतणीचा कॅन्सर दोन्ही फुप्फुसांतून मणक्यापर्यंत पोचलेला.

“पण मी कधी ओढलीच नाही!”

“तुमच्या वयात बऱ्याचदा असंच दिसतं. म्हणूनच कुणाला संशय येत नाही, आणि कळतं तेव्हा पसरलेला असतो. मात्र तरुणांच्या गाठीत अनेकदा जनुकाचा असा बदल सापडतो, ज्यावर गोळी चालते. तो शोधू.”

काका उसळले. “जन्मभर फुंकल्या मी, आणि मोठा आजार हिला? काही हिशोब आहे की नाही?” मग हळूच विचारलं, “माझ्या धुराने झालं का हो?”

“या प्रकाराचा धुराशी सहसा संबंध नसतो. पण तुम्ही सोडाच.”

तो बदल सापडला. गोळ्या सुरू झाल्या. नातेवाईक समाचाराला आले. काकांना सहानुभूती मिळाली, कारण ‘वयच झालंय’. पुतणीची उलटतपासणी झाली.

“खरं सांग,” मावशी कुजबुजली, “कॉलेजात चोरून ओढायचीस ना?”

“कुठली ओढतेय! काकांच्या पाकिटात कधी उरायचीच नाही.”

मावशीने ते खरं मानलं आणि सगळीकडे सांगितलं.

काही महिन्यांत काकांची गाठ आक्रसली. सिगारेट सुटली, त्यासोबत स्वभावातला उरलासुरला गोडवाही. पुतणीच्या गाठी बऱ्याच विरल्या. गोळी कधीतरी दाद देईनाशी होईल, तेव्हा दुसरी शोधू, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. ते ऐकून ती आठवडाभर घराबाहेर पडली नाही. नंतर तलावावर परतली. गोळ्यांनी चेहरा सुजला होता, पालक म्हणाले, “छान, तब्येत भरली हो!”

काका आता रोज तलावाकाठी खुर्ची टाकून बसतात. जन्मात कधी पाण्यात उतरलेले नाहीत, पण मुलांना ओरडून सांगतात, “श्वास धरा रे, श्वास!”

“धरायचा नाही, सोडायचा,” पुतणी पाण्यातून ओरडते.