वाढलं कुणी?

ताटाला हात लावायचा नाही, असं अल्व्हिनानं गाडीतून उतरतानाच गावाहून आलेल्या सगळ्यांना बजावलं होतं. धाकटा भाऊ पर्सी घराण्याचा मुखिया खरा, पण थोरल्या बहिणीपुढे ब्र काढायची मुखियाचीसुद्धा टाप नव्हती.

कॅनडातल्या गित्क्सान आदिवासी लोकांत पंगत ही पोटापुरती नसते. यजमान आधी आपलं म्हणणं मांडतो, मग वाढतो. जो जेवला त्याला ते मान्य, तो साक्षीदार. संग्रहालयाच्या संचालकानं, लॉसनसाहेबानं, हे कुठंतरी वाचलं होतं. अर्धवट वाचलेलं लगेच वापरायची त्याला हौस.

दालनात सॅमन, बटाटे, केक मांडले होते. मधोमध चौथऱ्यावर, आज काचेबाहेर, आजोबांचा शिरपेच. पंगतींवर सरकारची बंदी असताना आजोबांनी पंगत घातली. ते तुरुंगात गेले आणि मागे सरकारी साहेबानं घरातून शिरपेच उचलला. इथं त्याच्याखाली वर्षानुवर्षं पाटी होती, 'सप्रेम भेट'. ती वाचली की अल्व्हिनाचं डोकं फिरायचं.

लॉसननं माइक धरला. "आमच्या संस्थेच्या वसाहतवादी भूतकाळाबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो. हा शिरपेच आम्ही तुमच्या गावाला दीर्घ मुदतीसाठी उसना देत आहोत. आता तुमच्याच रीतीनं जेवा आणि साक्षीदार व्हा!"

टाळ्या कडाडल्या.

"उसना!" अल्व्हिना दात खाऊन म्हणाली. "आमचाच आम्हाला उसना! चोर तो चोर, वर शिरजोर."

"अगं, मला गरगरतंय." पर्सीला घाम फुटला होता. सकाळी इन्शुलिन टोचलेलं आणि पोटात काही नाही. त्याचा हात केककडे निघाला.

तिनं फटका मारला. "तो केक खाल्लास की शिरपेच त्यांचा झाला."

"आणि मी मेलो तर?"

"मरत नाहीस. गप बस."

बोलली खरी, पण तिनं घाईघाईनं पिशवी उघडली. भावावर तिचा फार जीव. पिशवीत घरी धुरावलेला मासा होता आणि रानबेरीच्या मुरंब्याची बरणी. चमच्यानं मुरंबा भरवल्यावर काही वेळानं पर्सीच्या डोळ्यांत जीव आला.

तेवढ्यात लॉसन येऊन उभा राहिला. "आमचं जेवण चालत नाही वाटतं? अल्व्हिनाबाई, आम्ही एवढं पुढं आलो. एक पाऊल तुम्हीही टाका की."

शिवी अगदी ओठांवर आली होती. पण हातातल्या माशाकडे बघून तिनं ती गिळली.

"टाकते ना," ती म्हणाली. "माइक द्या."

ती उभी राहिली. "हा शिरपेच आमच्या घराण्याचा. आजोबा तुरुंगात असताना चोरलेला. तो उसना नाही, आमचा आहे, आणि आज तो आमच्याबरोबर घरी जाणार. हे माझं म्हणणं. आता मी वाढते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारी माणसं बोलली की डोलवायच्या, तशाच. एका बाईनं तर डोळे पुसले. अल्व्हिना प्रत्येकापुढे मासा घेऊन फिरली. लॉसननं फोटोवाल्याला जवळ बोलावून मोठा तुकडा तोंडात टाकला.

"वा! अप्रतिम!"

"खाल्लंत ना? म्हणजे मान्य. पर्सी, ऊठ. घे शिरपेच."

लॉसनला ठसका लागला. "अहो, थांबा! हे आपलं... प्रतीक म्हणून..."

"तुमच्याच रीतीनं, असं माइकवर कोण म्हणालं?"

"पण दालन आमचं आहे! पंगत आमची!"

"दालन कुणाचं हे आमच्यात कुणी विचारत नाही. वाढलं कुणी, ते विचारतात." तिनं मेजाकडे बोट केलं. तिच्या माणसांची ताटं जशीच्या तशी भरलेली होती. "तुमच्या जेवणाला आम्ही शिवलोसुद्धा नाही. आमचं मात्र तुम्ही बोटं चाटून खाल्लंत, फोटो काढून घेत."

पर्सीनं शिरपेच उचलून डोक्यावर चढवला. रखवालदारानं हुकमासाठी लॉसनकडे पाहिलं. लॉसनच्या तोंडात घास तसाच होता, आणि फोटोवाला काही थांबायला तयार नव्हता.

अल्व्हिनानं बरणीचं झाकण लावलं. "केक तुमचा तुम्हीच खा," ती म्हणाली आणि भावाचा दंड धरून दाराकडे चालू लागली. रखवालदार बाजूला झाला. त्याच्या बोटांनाही माशाचा वास येत होता.