मेल्यानंतरचा चहा

धरणगावच्या आमच्या टॉकीजमध्ये शुक्रवारी चहा पिऊन मेलेला जवाहिऱ्या शनिवारी आधी मेला आणि मग चहा प्यायला. चित्रपट तोच होता, प्रिंटही तीच.

मित्रांनो, मी त्या टॉकीजचा जुना प्रोजेक्टर आहे. माझे काम प्रकाश टाकण्याचे. मत देण्याचे नाही. तरीही सांगतो, १९८८ साली आलेल्या त्या रहस्यपटाची मला किळस आली होती. आरसे, धूर, आणि पांढऱ्या सुटातला एक खुनी, जो गोळी झाडण्यापूर्वी कर्मावर प्रवचन करी. माझ्या भिंगावर बसणारी काजळीही त्याच्याहून स्वच्छ होती.

शनिवारी मेलेल्याने कप उचलताच खालून आरोळी आली, "ओ शेठ, मरेल मानूस च्या कसा पेस?"

"साखर कमी पडनी व्हई, म्हनीसन उठना!" दुसरा प्रेक्षक ओरडला.

बाल्कनीत मात्र कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे चुडामण सर उभे राहिले. "आधी मृत्यू, नंतर तृष्णा! दिग्दर्शकाने कार्यकारणभावच मोडला!" त्यांच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. खालून केळीची साल पडद्यावर आली आणि संथपणे घसरत गेली. त्या चित्रपटात इतके संयत दृश्य दुसरे नव्हते.

खेळ संपताच मालक रुपचंदशेठ केबिनमध्ये आले. मागोमाग सर, अभिनंदन करायला.

"पुना, रिळं उलटी लावलीस. केबिनची चावी ठेव आणि घरी जा."

पुना माझा ऑपरेटर. या कामाखेरीज त्याला दुसरे काम येत नव्हते आणि गावात दुसरी टॉकीज नव्हती.

"शेठ, मी झाकनवरना आकडा पाहीसनच लावं."

"आण ते झाकण!"

पुनाने रिळाच्या डब्याचे सहा आकड्याचे झाकण आणले. शेठनी ते दिव्याखाली धरले. कडेच्या खाचेत भाजलेल्या वांग्याची साल आणि लसणाचा तुकडा अडकला होता. शेठनी सरांकडे पाहिले. सरांनी छताकडे पाहिले.

"चावी कुठे ठेवू, शेठ?" पुनाने विचारले.

"राहू दे तुझ्याकडेच." शेठ रुमालाने झाकण पुसू लागले.

रविवारी जवाहिऱ्या चहा पिऊन मेला. शिट्टी वाजली नाही. सर म्हणाले, "आज चित्रपट उथळ वाटला."

मित्रांनो, यंत्राला दोष देण्यापूर्वी त्याच्याजवळ कोण काय खात होते ते पाहा, आणि आमच्या वस्तू ज्या कामाच्या आहेत त्याच कामाला वापरा. त्या शनिवारी दुपारी पुना घरी जेवायला गेला होता. शेठ आणि सर यांच्यासाठी फैजपूरहून भरीत आले. वाढायची केळीची पाने तिथेच राहिली. दोघांनी रिळांच्या डब्यांची दोन झाकणे ताटे म्हणून घेतली. रिळांवरच्या आकड्यांच्या पट्ट्या पूर्वीच तुटल्या होत्या. क्रमांक फक्त झाकणांवर होते. जेवण झाल्यावर सहाचे झाकण साताच्या डब्यावर बसले आणि साताचे सहाच्या.